दुकानातल्या सहकाऱ्याचा पोरकटपणा कसा आवरू?

प्रश्न: नाशिकला मेडिकल दुकानात फार्मासिस्ट आहे. सोबतचा मुलगा नुकताच डी.फार्म. करून आलाय. हात चपळ, पण वागणं शाळकरी. गिऱ्हाइकाची चिठ्ठी मोठ्यानं वाचून हसतो, माझा चष्मा लपवतो. परवा तर मी शोधत बसावं म्हणून इन्सुलिनचा खोका फ्रीजमधून काढून रॅकमागे ठेवला. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांतच ठेवावं लागतं, हे त्याला चांगलं ठाऊक आहे! बोललं की, "ताई, किती मनावर घेता." मालकांना सांगितलं तर त्याची नोकरी जाईल, आणि घरी कमावणारा तो एकटाच.

उत्तर: चष्मा आणि इन्सुलिन एका पारड्यात घालू नका. चष्म्याचं तुमचं तुम्ही बघा. इन्सुलिनचं मात्र आजच मालकांना सांगा, त्याच्यासमोर. तो खोका विक्रीतून काढलात ना?

उत्तर: जबाबदारी द्या. शेड्यूल एच-१ चं, म्हणजे चिठ्ठीवरच आणि नोंद करूनच द्यायच्या औषधांचं रजिस्टर त्याच्याकडे सोपवा. डॉक्टर, पेशंट, औषध, नग, सगळं लिहायचं आणि ३ वर्षं जपायचं. आमच्याकडचा असाच एक पोरगा त्यानं सुधारला.

उत्तर: रजिस्टर इतक्यात नको हो. त्यात क्षयाची औषधं, कितीतरी अँटिबायोटिक्स येतात. आधी चिठ्ठ्या वाचून हसणं थांबू दे. आजारी माणसाला किती लागतं ते! माझी आई एकदा औषध न घेताच परतली होती.

प्रश्नकर्ती: खोका त्याच दिवशी बाजूला काढलाय. उद्या शटर उघडायच्या आधी मालकांशी बोलते, त्यालाही बोलावलंय.