वेळेच्या कोंडीत हुकलेल्या चालीला दोन प्रश्नचिन्हं (घोडचुकीची खूण) द्यायची का?

पटवेडा
२०२१ च्या बुद्धिबळ जगज्जेतेपदाच्या लढतीतला सहावा डाव (दुबई, पांढऱ्या बाजूने कार्लसन, काळ्या बाजूने नेपोम्नियाची) पुन्हा पटावर मांडून पाहिला. १३६ चाली, पावणेआठ तास. इंजिन (चाली तपासणारा संगणक प्रोग्राम) लावून या डावावर प्रश्नचिन्हं ठोकत सुटणाऱ्यांचं मला मुळीच पटत नाही. पहिल्या ४० चालींना दोन तास, आणि ६१ व्या चालीपर्यंत चालीमागे एक सेकंदही वाढवून मिळत नव्हता. कार्लसनकडे वजिराच्या बदल्यात दोन हत्ती, पट अर्धा उघडा, घड्याळ संपत आलेलं. ३३ व्या चालीला त्याने सी५ चा (सी स्तंभातल्या पाचव्या घरातला) हत्ती मागे सी२ वर आणला असता, तर उंट ए३ चं प्यादं मारतो आणि मग घोडा एफ४! घोडा बाजूला होताच डी२ चा हत्ती थेट डी६ च्या वजिरावर. वजिराने बी४ चं प्यादं खाल्लं तर हत्ती डी७ वर घुसतो, मागोमाग दुसराही सातव्या ओळीत. इंजिनला हे क्षणात दिसतं. प्रत्यक्षात कार्लसनने डी२ चा हत्ती डी१ वर नेला. त्या अवस्थेत याला घोडचूक म्हणणं अन्याय आहे.

तिरका_उंट
अजिबात सहमत नाही. घड्याळ हे खेळाबाहेरचं संकट नव्हे. आधीच्या चालींवर वेळ कुणी घालवला? ज्याने घालवला त्यानेच. घोडा हलवून मागच्या हत्तीचा मारा उघडणं तर नवशिक्यालाही शिकवतात. अन्याय म्हणायचं तर ३८ व्या चालीकडे बघा. तिथे नेपोम्नियाचीने उंटाने बी४ चं प्यादं मारायला हवं होतं. पांढऱ्याने ए२ चा हत्ती बी२ ला आणून वजिरावर रोखला, तर उंट डी२ चा हत्ती मारतो, पांढरा हत्ती वजीर मारतो, त्या हत्तीला प्यादं मारतं आणि काळ्याचं हे मुक्त प्यादं (ज्याची वाट अडवायला समोरचं प्यादं नाही असं) बी३ वर पोचतं. वजीर देऊन जिंकायला बघायचं, हे खरोखर अवघड. त्याने प्यादं ई४ वर नेलं आणि संधी गेली.

पटवेडा
मग तुम्हीच माझा मुद्दा मांडलात की! एक हुकलेली चाल सोपी, दुसरी अवघड, आणि इंजिन दोन्हींना एकाच मापाने मोजतं. शिवाय ३३ वी म्हणावी तितकी सोपी नाही. पुढे घुसलेला हत्ती मागे घेऊन जिंकायचं, आणि तेही ए३ चं प्यादं सोडून. मागे येणाऱ्या चाली भल्याभल्यांच्या नजरेतून सुटतात.

एंडगेमप्रेमी
दोघेही चाळिशीच्या आतच अडकलात. टेबलबेस (मोजके मोहरे उरलेल्या स्थितींचा अचूक निकाल देणारा संगणकीय संग्रह) सांगतो की शेवटचा निर्णय १३० व्या चालीला लागला. हत्ती, घोडा आणि दोन प्यादी विरुद्ध एकटा वजीर: दोन्ही राजे धरून पटावर सात मोहरे, स्थिती बरोबरीची. वजीर बी१ किंवा सी२ वर ठेवून मागून शह देत राहायचं होतं. नेपोम्नियाचीने तो ई६ वर नेला आणि डाव हरला. तेव्हा चालीमागे ३० सेकंद मिळत होते. ती वेळेची कोंडी म्हणायची की थकवा?

तिरका_उंट
थकवाही खेळाचाच भाग. समोरचा तितकेच तास बसला होता. कार्लसनने त्याला पन्नासेक चाली त्याच अंतिम अवस्थेत झुंजवत ठेवलं, हेच त्याचं श्रेष्ठत्व. पाच बरोबऱ्यांनंतर पहिला निकाल असा लागला आणि पुढे लढत ७.५-३.५ अशी संपली. ई६ ला प्रश्नचिन्ह दिलं नाही तर पुढच्या खेळाडूने शिकायचं काय?

पटवेडा
प्रश्नचिन्ह द्या, पण चालीशेजारी शिल्लक वेळही छापा. दहा मिनिटं हाताशी असताना सुटलेला घोडा एफ४ आणि दोन मिनिटांत सुटलेला, यांवरचे उपाय वेगळे. पहिल्याने डावपेचांचा सराव करावा. दुसऱ्याने विसाव्या चालीला कुठे रेंगाळलो ते शोधावं.

तिरका_उंट
वेळ छापायला हरकत नाही. पण ३३ व्या चालीचं चिन्ह मी त्यामुळे सौम्य करणार नाही.