मदत हवी आहे: मेंदूतल्या हर्पिसनंतर आईला काहीच लक्षात राहत नाही

आईचं वय ६१, मार्चमध्ये साधा ताप आला म्हणून घरीच गोळ्या दिल्या, तिसऱ्या दिवशी असंबद्ध बोलायला लागली आणि मग फिटच आली. एमआरआयमध्ये टेम्पोरल लोबला (कानाजवळचा, आठवणी सांभाळणारा मेंदूचा भाग) सूज, मणक्यातल्या पाण्याच्या पीसीआरमध्ये (व्हायरस शोधायची टेस्ट) हर्पिस सिम्प्लेक्स १, म्हणजे ओठावर फोड आणतो तोच व्हायरस!! २१ दिवस असायक्लोव्हिर (हर्पिसवरचं औषध) शिरेतून दिलं, जीव वाचला. पण आता सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही, लग्नातलं मात्र सगळं सांगते, आणि चिडचिड तर इतकी की ही आपली आई नाहीच असं वाटतं.

डॉक्टर म्हणाले मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण बाकीचा मेंदू थोडंफार शिकतो. कोणाच्या घरी असं झालंय का? स्मरणशक्तीची थेरपी कुठे घेतली, किती महिन्यांनी फरक दिसला? काहींना नंतर एनएमडीए अँटीबॉडीमुळे (म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटते) परत त्रास होतो असं वाचलं, ती टेस्ट कोणी केलीये का?

अजून एक, वेल्समध्ये नागिणीची लस घेतलेल्यांना पुढच्या ७ वर्षांत डिमेन्शिया साधारण २० टक्के कमी झाला असं २०२५ मध्ये आलं होतं. नागिणीचा व्हायरस वेगळा, पण हर्पिस व्हायरसच्याच कुटुंबातला. बाबांना ती लस द्यावी का, कोणी दिलीये का घरच्यांना? प्लीज सांगा.