स्तनातल्या गळवाचा पू काढला, रिपोर्टमधे स्टॅफ ऑरियस. मैत्रिणीला तोच जंतू असून तिचं गोळ्यांवर भागलं, असं का?

चोवीस_दिवसांची_आई
डावीकडे बोंडाला चीर पडली होती, मग गाठ आली, मग थंडी वाजून १०२ ताप. सासूबाईंनी गरम फडक्याने शेकून गाठ चोळून दिली (प्रेमानेच हो, काय बोलणार), तर तिसऱ्या दिवशी कातडी लालभडक चकचकीत आणि ठणका असा की अंगाला कपडा नको. सोनोग्राफीत गळू निघालं, परवा सुईने पू काढला. कल्चरमधे (पुतले जंतू वाढवून बघायची तपासणी) स्टॅफिलोकोकस ऑरियस, सेफॉक्सिटिन या अँटिबायोटिकसमोर आर, म्हणजे रेझिस्टंट. आता क्लिंडामायसिन हे दुसरं अँटिबायोटिक चालू आहे. मैत्रिणीला पण हाच जंतू होता, तिचं पाच दिवसांत आटोपलं. माझीच प्रतिकारशक्ती कमी आहे का?

लॅबवाली_ताई
अगं नाही. नाव एक असलं तरी प्रत्येक स्टॅफकडे हत्यारं सारखी नसतात. कोअॅग्युलेज, म्हणजे रक्त गोठवणारं प्रथिन, सगळ्या ऑरियसकडे असतंच जवळपास, आम्ही लॅबमधे सशाच्या प्लाझ्मात (रक्तातला पातळ भाग) जंतू टाकून ३७ डिग्रीला ठेवतो, चार तासांनी ट्यूब तिरकी केली की आत जेलीसारखा गोळा, वाहतच नाही. तुझ्या अंगात पण तो असंच रक्त गोठवून स्वतःभोवती कुंपण करतो. त्याच्या अंगावरचं प्रोटीन ए आपल्या अँटिबॉडीला उलट्या बाजूने धरून ठेवतं, म्हणजे पांढऱ्या पेशींना पकडायला मूठच मिळत नाही. आणि काहींकडे पीव्हीएल नावाचं विष असतं (पँटन आणि व्हॅलेंटाइन या शास्त्रज्ञांच्या नावावरून, १९३२), ते पांढऱ्या पेशींना भोकंच पाडतं. पू म्हणजे बराचसा त्या मेलेल्या पेशीच. तुझ्यात ते आहे की नाही हे रिपोर्टवरून कळत नाही हां.
आणि आर म्हणजे जंतू जास्त खुनशी असं नाही. क्लॉक्सासिलिनसारखी औषधं त्याला लागू पडणार नाहीत एवढंच.

दोन_पोरांची_आई
मला पहिल्या वेळी झालेलं. चोळणं बंद कर बाई, आतली सूज वाढते. २०२२ पासून परदेशातले स्तनपानवाले डॉक्टर पण बर्फाचा शेक सांगतायत, आणि पंपाने सारखं रिकामं करू नका म्हणतायत, त्याने दूध अजून येतं. आमच्याकडे कोबीची पानं पण झाली, निदान गार तरी लागतात 😄

बाबा_नवीन
पण पू झालेलं दूध बाळाला कसं द्यायचं? आमच्याकडे सगळे डबा द्या म्हणतात.

लॅबवाली_ताई
@बाबा_नवीन बहुतेक वेळा पाजणं चालूच ठेवतात, अचानक तोडलं तर दूध साठून दुखणं वाढतं. जखम अगदी बोंडाजवळ असेल तर त्या बाजूचं डॉक्टरांना विचारून. आणि क्लिंडामायसिन चालू असताना बाळाची शी बघत जा, फार पातळ किंवा रक्त दिसलं तर लगेच दाखवा.

चोवीस_दिवसांची_आई
हुश्श. मग पीव्हीएलची टेस्ट करून घेऊ का?

लॅबवाली_ताई
ती रोजच्या कल्चरमधे नसते आणि एका गळवासाठी उपचार काही बदलत नाहीत. घरात कुणाला परत परत गळवं होत असतील तर गोष्ट वेगळी.

चोवीस_दिवसांची_आई
अं... नवऱ्याला मागच्या महिन्यात मांडीवर झालं होतं. आणि दिवाळीत काखेत. त्याने उष्णतेचं म्हणून सोडून दिलं.

लॅबवाली_ताई
हे डॉक्टरांना उद्याच सांग. आणि टॉवेल आज रात्रीपासून वेगळे.