मदत हवी आहे : बसचा रॅम्प उघडतो, पण व्हीलचेअर चढत नाही

उंबरठा :
आमच्या मार्गावर १२ मीटरच्या लो-फ्लोअर बस आहेत. मधल्या दाराला हाताने उलटायचा रॅम्प आहे, लांबी १ मीटर. बसचा तळ रस्त्यापासून ४०० मिमी, थांब्याचा फुटपाथ १५० मिमी. बस फुटपाथपासून लांब उभी राहते, रॅम्प रस्त्यावर टेकतो आणि खुर्ची मागे कलंडायला लागते. आगारप्रमुखांना अर्ज द्यायचा आहे. लांब रॅम्प मागावा का?

चाकोरी :
नको. दोन मीटरचा पत्रा वाहकाला एकट्याला उलटवत नाही आणि तो टेकायला थांब्यावर जागाही नसते. आधी चढ बघा. रस्त्यावर टेकला तर १ मीटरमध्ये ४०० मिमी, म्हणजे १:२.५. त्यावरून कुणालाही नेऊ नका. फुटपाथवर टेकला तर १:४. बसला नीलिंग असेल, म्हणजे हवा सोडून दाराकडची बाजू खाली बसत असेल, तर आणखी ६०-७० मिमी कमी होतात आणि चढ १:५.५ च्या आसपास येतो. मागे एक धडधाकट माणूस असला की जमतं. मधल्या दारासमोरचा फुटपाथ २०० मिमी केला तर नीलिंगसह १:७.५. खरा फरक तिथे पडतो, रॅम्पच्या लांबीत नाही.

चालक बस कडेला का घेत नाही तेही पाहा. बहुतेक ठिकाणी थांब्याच्या तोंडाशी रिक्षा आणि दुचाक्या असतात. १२ मीटरची बस सरळ लागायला २५-३० मीटर कड मोकळी हवी. शिवाय दारासमोर फुटपाथवर रेलिंग, खांब काही नको : १ मीटर रॅम्पला आणि पुढे दीड मीटर खुर्ची वळवायला.

आगारकर :
रॅम्पबद्दल अर्जात एक वाक्य घालाच : रोज पहिल्या फेरीआधी उघडून बघणे. बिजागरीत आणि हाताच्या खाचेत धूळ-चिखल बसतो, महिनाभर न उघडलेला रॅम्प ऐन वेळी हलत नाही. धुऊन ग्रीस लावलं की बहुतेक सुटतो.

आत १३०० बाय ७५० मिमी जागा मोकळी हवी. खुर्ची बसच्या मागच्या बाजूला तोंड करून, पाठ बसमधल्या टेकणीला लावून, खुर्चीचा ब्रेक लावून. आडवी ठेवली तर वळणावर उलटते. उतरताना खुर्ची उलटी, मदतनीस खालच्या बाजूला.

उंबरठा :
दुसऱ्या मार्गावर ९०० मिमी तळाच्या बस आहेत. तिथे काय मागायचं?

चाकोरी :
त्या पुण्या-पिंपरीतल्या बीआरटीसारख्या (बससाठी राखीव मार्गिका) उंच फलाटासाठी आहेत. फलाटाशी तळ जुळतो, फक्त फट सांभाळायची. साध्या थांब्यावर पायऱ्या येतात, तिथे रॅम्पचा उपयोग नाही. लिफ्ट किंवा लो-फ्लोअर बसच मागा.

आगारकर :
अर्ज एक नाही, तीन करा. आगाराला फुटपाथ उचलता येत नाही. फुटपाथची उंची आणि रेलिंग महापालिकेच्या पथ विभागाकडे, पार्किंग वाहतूक शाखेकडे, रॅम्प-नीलिंग आगाराकडे. तिघांनाही तीच मापं आणि टेप लावून काढलेला फोटो. आगाराच्या अर्जात मोटार वाहन नियमांतली १ मार्च २०२० पासूनची दुरुस्ती लिहा : बसमध्ये व्हीलचेअर चढवायची, ठेवायची आणि अडकवायची सोय हवी, आणि ती फिटनेस तपासणीत बघितली जाते. बसचे नंबर जोडले की अर्ज नुसता ‘पाहतो’वर थांबत नाही.