मदत हवी आहे: दुपारच्या उन्हात टाकीवरच्या वायरलेस नोडचं घड्याळ मागे पडतंय

नमस्कार मंडळी,

चेंबूरजवळच्या एका प्लांटमध्ये टाक्यांची लेव्हल मोजायला आम्ही बॅटरीवरचे 12 नोड (सेन्सर आणि रेडिओ असलेले डबे) बसवलेत. 2.4 गिगाहर्ट्झ, टीएससीएच (घड्याळं जुळवून, चॅनेल बदलत, ठरलेल्या वेळीच बोलायची पद्धत), 10 मिलिसेकंदांचे स्लॉट. रात्रभर एक पॅकेट चुकत नाही. दुपारी बारा ते तीन मात्र टाक्यांच्या छपरावरचे चार नोड सारखे नेटवर्कबाहेर पडतात. पंपहाउसच्या सावलीतले आठ ठणठणीत.

आधी सगळ्यांनी वायफायवर खापर फोडलं. पण पॅकेटं सगळ्याच चॅनेलवर सारखी गळतायत, म्हणजे ते नव्हे. परवा भर दुपारी लॅपटॉप घेऊन वर चढलो. ऑक्टोबरचं ऊन, डब्याला हात लावला तर चटका बसला. आत 64 अंश. पेरेंटच्या (नोड ज्याच्याशी घड्याळ जुळवतो त्याच्या) अ‍ॅकमधून, म्हणजे पोचपावतीतून, येणारी वेळेची दुरुस्ती रात्री दोन-तीन टिक असते, एक टिक म्हणजे साधारण 30.5 मायक्रोसेकंद. सकाळी ऊन चढेल तशी ती तिसाच्या पुढे गेली, आणि मग नोड गायब.

हिशेब जुळतो. नोडच्या घड्याळाचं 32.768 किलोहर्ट्झचं क्रिस्टल 25 अंशांना नेमकं चालतं; त्यापासून दूर गेलं की अंशांच्या फरकाचा वर्ग गुणिले 0.034, इतके पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) मंदावतं. 39 अंशांच्या फरकाला जवळपास 52 पीपीएम. आमचं कीप-अलाइव्ह (घड्याळ जुळवून घ्यायला पाठवायचं पॅकेट) 30 सेकंदांनी, म्हणजे तेवढ्यात दीड मिलिसेकंद मागे. गार्ड टाइम, म्हणजे ठरल्या वेळेच्या आधी-नंतर पेरेंट जेवढं ऐकत थांबतो तो वेळ, फक्त ±1 मिलिसेकंद. नोड बोलायला लागतो तोवर पेरेंटने ऐकणं थांबवलेलं असतं.

कीप-अलाइव्ह 10 सेकंदांवर आणलं तर भागेल, पण बॅटरी लवकर संपेल, आणि ती बदलायला दर वेळी परमिट काढून कुणाला तरी वर चढवावं लागेल. आत्ताही आकडा जुना दिसला की ऑपरेटर भर उन्हात शिडी चढून लेव्हल बघून येतो. ते मला बघवत नाही.

म्हणून चिपमधल्या तापमान सेन्सरवरून फर्मवेअरमध्येच दुरुस्ती करायचा विचार आहे. अडचण अशी, की परतीच्या पावसाची एक सर आली की पत्रा काही मिनिटांत गार होतो, आणि चिप नि क्रिस्टल एकाच वेगाने गार होत नाहीत. कुणी हे केलंय का? प्रत्येक नोड वेगळा कॅलिब्रेट करावा लागतो, की अ‍ॅकमधल्या दुरुस्त्यांवरून नोडला आपला ड्रिफ्ट शिकवता येतो? की सरळ या चार नोडना टीसीएक्सओ (तापमानाचा फरक स्वतःच भरून काढणारं ऑसिलेटर) लावू?