केळ्याचा केक, कुकरमध्ये आणि उन्हाळ्यातसुद्धा
कुणीतरी विचारलंय की ओव्हन नसेल आणि अंडं चालत नसेल, तर मे महिन्यात केक करावा का. जरूर करा! आम्ही जळगावकर, पारा ४४-४५ वर असतानाही करतो. फक्त सकाळी सहाच्या आत गॅस पेटवायचा.

सालीवर काळे ठिपके पडलेली तीन केळी घ्या. पिकताना स्टार्चची साखर होते, म्हणून पाऊण वाटी गूळ पुरतो. केळी हाताने कुस्करा, त्यात गूळ, अर्धी वाटी दही आणि अर्धी वाटी तेल घालून गूळ विरघळेपर्यंत फेटा. मग दोन वाट्या कणीक आणि सपाट चमचाभर खाण्याचा सोडा चाळून घाला. दह्याचा आंबटपणा सोड्याला लागला की लगेच बुडबुडे येतात, तेव्हा रेंगाळू नका, भांडं थेट कुकरमध्ये. कुकरची शिट्टी आणि रिंग दोन्ही काढायची, पाणी अजिबात नाही, तळाला मीठ आणि त्यावर स्टँड, कुकर आधी दहा मिनिटं तापवलेला. मंद आचेवर पाऊण तास. सुरी कोरडी निघाली की झाला.

कणकेऐवजी ज्वारीचं पीठ घालायचं तर अर्धंच. त्यात ग्लुटेन नसतं, नुसत्या ज्वारीचा केक भुगा होतो.

त्याच वेळी कळण्याच्या (ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या पिठाच्या) भाकरी थापून ठेवा. दुपारी दही, कच्चा कांदा, शेंगदाण्याची चटणी, वर कैरीचं पन्हं. उन्हाळ्यात मला याहून चांगलं जेवण माहीत नाही. केक मात्र पूर्ण गार झाल्यावरच कापा.