या छोट्या बायझँटाइन नाण्यावरचा मोनोग्राम कसा वाचायचा?

शिवराईवेडा:
मंडळी, मदत हवीये. मी मुळात शिवराई जमवतो, पण एका मिक्स लॉटमधे हे तांब्याचं पिटुकलं बायझँटाइन (पूर्व रोमन साम्राज्याचं) नाणं निघालं, वजन साधारण २ ग्रॅम. चेहरा कुठेच नाही. एका बाजूला मोठा ई आणि शेजारी छोटा बी, दुसऱ्या बाजूला मोनोग्राम, म्हणजे अक्षरांचा नुसता गुंता, मधे एन कळतो, त्याला काय काय चिकटलंय देव जाणे. ई वरून सुरू होणारा सम्राट कोण? तीन रात्री याद्या चाळतोय.

जुनंनाणं:
दादा, ई हे नाव नाहीच, तो आकडा आहे! ग्रीकमधे अक्षरांनीच आकडे लिहायचे, एप्सिलॉन म्हणजे ५, म्हणून हे ५ नुम्मीचं नाणं (नुम्मी म्हणजे त्यांचं सगळ्यात छोटं नाणं). सम्राट अनास्तासियसने ४९८ मधे तांब्याच्या नाण्यांची घडी नव्याने बसवली तेव्हापासून ४० ला एम, २० ला के, १० ला आय, आणि पुढे ५ ला ई. छोटा बी म्हणजे टांकसाळीतला दुसरा विभाग, कॉन्स्टँटिनोपलला असे पाच होते. नाव शोधायचं ते फक्त त्या गुंत्यात.

लिपीवाली:
आणि तो गुंता डावीकडून उजवीकडे वाचूच नका, सगळे तिथेच अडकतात. आपल्या जोडाक्षरासारखं बघा, एक अक्षर सांगाडा असतो (तुमचा एन) आणि बाकीची त्याच्याच काठ्या वापरतात, एकच उभी काठी एनची पण आणि आयची पण, आणि नावात दोनदा येणारं अक्षर एकदाच काढलं तरी चालतं. सिग्मा (ग्रीक 'स') बऱ्याचदा सी सारखा असतो. आधी सगळी अक्षरं कागदावर सुटी काढा, मग नाव जुळवा, आणि नाव बरेचदा षष्ठीत असतं, म्हणजे 'जस्टिनचं' असं.
मला सम्राट दुसरा जस्टिन वाटतोय (५६५ ते ५७८), त्याच्या ५ नुम्मीवर चेहऱ्याऐवजी मोनोग्राम असतो. पण ए आहे का ते नीट बघा. जस्टिन नावात ए येत नाही, जस्टिनियनमधे येतो. मात्र ए दिसला म्हणून लगेच जस्टिनियन धरू नका, कारण दुसऱ्या जस्टिनच्या मोनोग्राममधे राणी सोफियाचं नावही गुंफलेलं मानतात, तिच्यातही ए आहे. तिची खरी खूण फाय (ग्रीक 'फ'), गोल आणि त्यातून उभी रेघ.

जुनंनाणं:
+१. आणि घासू नका हां, लिंबू चिंच काही नको!! बॅटरी आडवी धरा, सावलीत रेघा उठून दिसतात.

शिवराईवेडा:
ताई, दादा, खूप खूप आभार, शिवराईवर पण छाप अर्धवटच बसलेला असतो, दोनचार अक्षरांवरून ओळखायची सवय आहे, पण हे एकावर एक अक्षर बघून डोकंच चालेना. आत्ता बॅटरी धरून बघितलं, वर टी स्पष्ट आहे, बाजूला सी, आणि एक गोल. ए ची आडवी रेघ कुठेच नाही. गोलात उभी रेघ आहे की ओरखडा ते कळत नाहीये, उद्या सकाळच्या उन्हात फोटो काढून इथेच टाकतो.